दीड वीत

मागच्या उन्हाळ्यात माहेरी गेले. ऑटोतून उतरून फाटक उघडलं आणि आधी दिसले ते भावाचे पाय. निंबाच्या सावलीत त्याची जुनी पिकअप उभी होती. मागची दोन्ही चाकं जमिनीपासून वीतभर वर, आणि गाडीखालून गुडघ्यापर्यंतचे दोन पाय बाहेर आलेले. एका पायात चप्पल, दुसरी बाजूला पालथी पडलेली. आतून पान्याची टकटक ऐकू येत होती.

बॅग खाली ठेवून वाकून पाहिलं. मधोमध, दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या डिफरन्शियलच्या गोल हाऊसिंगखाली एक बाटली जॅक. जॅकखाली दोन विटा. विटांखाली आमच्या अंगणाची काळी माती. गाडी रिकामी असली तरी दीड टनाच्या वरची. ती आणि माझा धाकटा भाऊ यांच्यामध्ये एवढंच होतं.

मी ओरडले नाही. दचकलेला माणूस झटक्यानं हलतो, हाताला येईल ते धरतो, आणि अशा गाडीला तेवढा धक्का पुरतो. उकिडवी बसले आणि जेवायला हाक मारावी तशा आवाजात म्हणाले, "अरे, बाहेर ये बरं. गाडीले हात लावू नको. पाठीवर सरकत ये."

"काऊन वं ताई? पाच मिनटाचं काम हाय. पाट्याचा एक बोल्ट कसाचा रायला."

"ये म्हणते ना."

आला. घामानं निथळत, कपाळावर ग्रीसचा पट्टा, हातात सतराचा पाना. तो उभा राहिला आणि माझे गुडघे लटपटायला लागले. त्याला काही सांगायच्या आधी मलाच तांब्याभर पाणी प्यावं लागलं.

त्या दिवशी त्याला जे सांगितलं ते सगळं इथे लिहिते आहे. आमच्याकडे आता घरोघरी एखादी गाडी आहे. कुणाची पिकअप, कुणाची जुनी व्हॅन, कुणाचा सेकंडहँड छोटा हत्ती. तालुक्याच्या गॅरेजमध्ये नंबर लागायला दोन दिवस जातात, हंगामात दोन दिवस गाडी उभी ठेवणं परवडत नाही, म्हणून पोरं अंगणातच जॅक लावतात आणि खाली शिरतात. त्यात चूक काही नाही. आपली गाडी आपण दुरुस्त करणं हे चांगलंच आहे. मला बोलायचं आहे ते फक्त शिरण्याआधीच्या दहा मिनिटांबद्दल.

बाबा काळीपिवळी चालवायचे. तिकडे पश्चिमेकडे वडाप म्हणतात, तीच आमची काळीपिवळी. दारव्हा ते यवतमाळ. मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी शकुंतला दारव्ह्यावरून जायची, पण अडीच फुटी रुळांवरच्या त्या गाडीच्या वेळा दवाखान्याच्या आणि कोर्टाच्या वेळांशी जुळत नव्हत्या. म्हणून माणसं आमच्या जीपमध्ये बसायची. जीप एक दिवस उभी म्हणजे घरातली एक दिवसाची कमाई उभी. त्यामुळे मोठी कामं बाबा पेरणीच्या दिवसांसाठी राखून ठेवत. पेरण्या सुरू झाल्या की सगळा कास्तकार वावरात, सवाऱ्या कमी.

१९९८ चा पावसाळा. मी अकरा वर्षांची, भाऊ तीन वर्षांचा. आर्द्राचा पाऊस दोन दिवस पडून त्या सकाळी उघडला होता. जीपची दोन कामं साचली होती. मागच्या प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे इंजिनचा जोर मागच्या चाकांपर्यंत नेणाऱ्या लांब दांड्याचा, क्रॉस (सांधा) गेला होता, गिअर टाकला की खट् असा आवाज यायचा. आणि मागच्या डाव्या चाकाचा व्हील सिलिंडर गळत होता, त्यामुळे ब्रेक लागत नव्हता. बाबांनी डावं चाक काढलं, ॲक्सलखाली जॅक लावला, पुढच्या उजव्या चाकाला एक गोटा लावला. काढलेलं चाक आणि स्टेपनी एकावर एक आडवी रचून चासीखाली सरकवली. मला वाटलं, जागा अडू नये म्हणून ठेवली असतील.

माझं काम ड्रायव्हरच्या सीटवर बसण्याचं. शाफ्टच्या चारही बोल्टना पाना लागावा म्हणून शाफ्ट थोडा थोडा फिरवावा लागतो. फिरवताना हँडब्रेक सोडायचा आणि आवळून बसलेला नट सोडवताना ओढायचा. डॅशबोर्डखाली त्या ब्रेकची मूठ होती. खालून बाबांचा आवाज यायचा, "सोड." मी सोडायची. "ओढ." मी दोन्ही हातांनी ओढायची, पाय समोर रोवून. एक नट निघाला, दुसरा निघाला. मला फार मोठं काम करतो आहोत असं वाटत होतं.

चौथा नट निघाला तेव्हा मूठ ओढलेलीच होती. शाफ्टचं मागचं टोक खाली आलं. पुढचा भाग खाचांमध्ये गंजून बसला होता, तो सुटेना म्हणून बाबांनी खालून जोरात हिसका दिला.

जीप पुढे सरकली. फार नाही, चार बोटं. चाकाखालचा गोटा ओल्या मातीत दबला आणि मागे जॅक कलला. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला आणि माझ्याखालची सीट डाव्या बाजूनं खाली गेली. मग काहीच नाही. निंबावरचा पावसाचा थेंब बॉनेटवर पडला तोही ऐकू आला. मी मूठ धरूनच बसले होते. मला अजूनही वाटत होतं की गाडी मी धरून ठेवली आहे.

"बाबा?"

उत्तर यायला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. मग खालून, अगदी हळू: "उतर. सावकाश उतर. कुदू नको."

उजव्या बाजूनं उतरले आणि चिखलात पालथी पडून खाली पाहिलं. चासी त्या दोन चाकांवर टेकली होती. जॅक आडवा पडला होता. बाबा चाकांच्या पलीकडे पाठीवर निजलेले, डोळे उघडे. त्यांच्या शर्टाच्या खिशात चुन्याची डबी असायची. ती डबी आणि चासीचं लोखंड यांच्यामध्ये माझी चार बोटं गेली असती, पाचवं नाही.

बाबा हळूहळू, एका एका खांद्यानं सरकत बाहेर आले. हौदावर हात धुतले. ओट्यावर बसले. मग उठून पुन्हा जीपजवळ गेले, वाकले, जमिनीवर अंगठा टेकवून चासीपर्यंत वीत घातली. एक वीत, आणि वर अर्धी. "दीड वीत," एवढंच म्हणाले. थोड्या वेळानं माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुह्या मायले सांगू नको." आईला हे कळलं ते मी नोकरीला लागल्यावर.

ती दोन चाकं तिथे ठेवायला कुणी शिकवलं, ते बाबांनी पुढे कधीतरी सांगितलं. तरुणपणी ते यवतमाळच्या एका गॅरेजात हेल्पर होते. तिथल्या उस्तादाचा नियम होता: काढलेलं चाक भिंतीला टेकवायचं नाही, गाडीच्या पोटात सरकवायचं. चाक भिंतीला टेकलेलं दिसलं की उस्ताद पाना हातातून काढून घ्यायचा. का, ते त्यानं कधी समजावलं नाही आणि बाबांनीही कधी विचारलं नाही. नुसती सवय लागली, आणि त्या सकाळी ती सवय कामी आली.

का, हे मला कळलं फार नंतर. आता मी शाळेत विज्ञान शिकवते. बळ, दाब, घर्षण शिकवताना ती सकाळ माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही, आणि हळूहळू तिचा उलगडा होत गेला.

उभी गाडी तीन गोष्टी धरून ठेवतात: हँडब्रेक, गिअर आणि पायाचा ब्रेक. त्या जुन्या जीपांचा हँडब्रेक चाकांवर नसायचा. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपपासून चालत आलेली ती रचना. ब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या पेटीच्या मागे, शाफ्टच्या तोंडाशी. म्हणजे हँडब्रेक शाफ्टला धरतो आणि शाफ्ट चाकांना. त्यातही एक मागचं चाक हवेत असेल तर डिफरन्शियलमुळे ते मोकळं उलटं फिरू शकतं आणि जमिनीवरचं दुसरं सरळ फिरतं. शाफ्ट गच्च धरलेला असूनही गाडी सरकते. गिअरचंही तेच, कारण गिअरही त्याच शाफ्टमधून चाकांपर्यंत पोचतो. आणि आम्ही तर शाफ्टच सोडवला होता. पायाचा ब्रेक सिलिंडर उघडल्यामुळे आधीच गेलेला. म्हणजे चौथा नट निघाला त्या क्षणी जीपला धरणारा फक्त तो गोटा होता, आणि माझ्या हातातली मूठ एका सुट्या तुकड्याला धरून बसली होती.

दुरुस्तीत हेच होतं. गाडी उघडत जाताना आपण तिला धरून ठेवणाऱ्या गोष्टीच एक एक करून सोडवत असतो. सकाळी दहा वाजता घट्ट उभी असलेली गाडी अकरा वाजता तशीच उभी दिसते, पण ती आता तशी नसते.

भावाच्या पिकअपचा हँडब्रेक मागच्या चाकांवरच आहे. पण त्यानं मधोमध जॅक लावून दोन्ही मागची चाकं उचलली होती. इंजिनचा जोर मागच्याच चाकांना. म्हणजे हँडब्रेक हवेत, गिअरही हवेत, आणि पुढची दोन्ही चाकं मोकळी. मी त्याला विचारलं, "आता ही गाडी कोणं धरली हाय?" त्यानं आधी हँडब्रेककडे बोट दाखवलं, मग चाकांकडे पाहिलं, मग गप्प झाला.

आता जॅक. बाटली जॅक मला आवडतो. वर्गात पास्कलचा नियम शिकवताना मी खराखुरा जॅक टेबलावर नेऊन ठेवते. बंद भांड्यातल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, एवढीच गोष्ट. पंपाचा दट्ट्या १ सेंटिमीटर व्यासाचा आणि वर उचलणारा दट्ट्या ३ सेंटिमीटरचा असेल तर बळ नऊपट होतं, वर दांडीचा फायदा वेगळा. लंडनच्या जोसेफ ब्रामानं १७९५ साली या तत्त्वावरच्या दाबयंत्राचं पेटंट घेतलं, आणि न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजननं १८५१ साली हातात नेता येईल अशा हायड्रॉलिक जॅकचं. सातवीतली मुलगी जॅकची दांडी खालीवर करून शिक्षकांची कार उचलते तेव्हा सगळा वर्ग टाळ्या वाजवतो.

टाळ्या संपल्या की मी पुढचं सांगते. ते सगळं वजन आता एका रबरी वॉशरवर आणि शेंगदाण्याहून लहान एका गोळीवर उभं आहे. ती गोळी तेलाला मागे येऊ देत नाही. तिच्याखाली मातीचा एक कण अडकला, वॉशरला चीर गेली, तर तेल झिरपतं आणि गाडी खाली बसायला लागते. कधी सावकाश, कधी एकदम. आमच्याकडे चैत्र-वैशाखात पारा ४५ च्या वर जातो. उन्हात पडलेल्या जॅकमधलं तेल पातळ होतं, आणि जिथून हिवाळ्यात झिरपत नव्हतं तिथून झिरपायला लागतं. गाडीसोबत मिळतो त्या कात्री जॅकमध्ये तेल नसतं, पण त्याचा तळ एवढासा असतो आणि बाजूनं ढकललं की तो घडी घालतो. तो रस्त्यात पंक्चर झालेलं चाक बदलायला दिलेला असतो. गाडीच्या पुस्तकात स्पष्ट छापलेलं असतं की जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊ नये. ते पुस्तक मात्र डॅशबोर्डच्या कप्प्यातून कुणी बाहेर काढत नाही.

बाबांचं वाक्य याहून लहान आहे. "जॅकनं उचलाचं. त्याच्या भरोशावर झोपाचं नाही."

त्यांच्या वडलांना हे गाडी नसतानाही माहीत होतं. आजोबा बंडीचं चाक वंगण द्यायला काढत, तेव्हा दोन माणसं खांदा देऊन बंडी उचलत आणि तिसरा लगेच आसाखाली बाभळीचा ओंडका सरकवी. खांदा देणारा कितीही धट्टाकट्टा असो, तो उचलण्यापुरता. धरायचं काम ओंडक्याचं. गॅरेजातल्या लोखंडी स्टँडला घोडी म्हणतात, ती त्या ओंडक्याच्या जागी आहे. तिच्यात तेल नाही, वॉशर नाही. पोलादाचा पाय, वर खाच, मध्ये पिन किंवा दाते. वजन आलं की ती नुसती उभी राहते.

विटा मात्र नकोत. हे मी शाळेतही सांगते, लग्नात भेटलेल्या नातेवाइकांनाही सांगते. वीट भिंतीत चांगली, कारण तिथे वजन सगळीकडून सारखं पसरून येतं. जॅकच्या तळाची कड तिच्यावर टेकली की ती आधी काहीच दाखवत नाही आणि मग एकदम फुटते. सिमेंटचा पोकळ ब्लॉक त्याहून वाईट. शहाबादी फरशीचंही तसंच. लाकूड दबतं, करकरतं, माणसाला इशारा देतं. जाड सागवानी किंवा बाभळीचा ठोकळा असेल तर विटेकडे हात जायलाच नको.

आणि आपली माती. मोबाइलवर गाडी दुरुस्तीचे व्हिडिओ पाहून भाऊ पुष्कळ शिकला आहे, मला त्याचं कौतुक आहे. पण ते व्हिडिओ काँक्रीटच्या गुळगुळीत फरशीवर काढलेले असतात. बोल्ट कोणता, पाना कितीचा, हे त्यात दिसतं. पायाखालची जमीन दिसत नाही, कारण त्यांना तिच्याकडे पाहायची गरजच नसते. आमची काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते. पावसाळ्यात तिच्यात गोटा दबतो. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, कोपरापर्यंत हात जाईल एवढ्या. वरून टणक वाटणाऱ्या ढेकळाखाली पोकळी असते, कधी उंदराचं बीळ असतं. सकाळी ओतलेलं सड्याचं पाणी दुपारी कुठवर मुरलं आहे ते कुणी पाहिलेलं नसतं.

मी भावाला अंगणातच काडीनं गणित घालून दाखवलं. एका कोपऱ्याचं वजन चारशे किलो धरू. जॅकचा तळ १० बाय १० सेंटिमीटर, म्हणजे १०० चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला चार किलो. आता खाली ३० बाय ३० ची जाड फळी टाक. ९०० चौरस सेंटिमीटर झाले, आणि तेच वजन दर चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोच्या आत आलं. गाडी तीच, माती तीच. एका फळीनं मातीवरचा भार नवव्या हिश्श्यावर येतो. फळी दोन इंच तरी जाड हवी, नाहीतर तीच मधून वाकते.

तो काडीकडे पाहत राहिला. म्हणाला, "हे शाळेत सांगतलं असतं त गणितात पास झालो असतो ना मी."

मग मी त्याला ते सांगितलं जे सांगताना माझा आवाज नेहमी बसतो. छातीवर गाडी आली तर माणूस ओरडत नाही. ओरडायला श्वास लागतो, आणि श्वास घ्यायला छाती फुगावी लागते. हाडं मोडलेली नसली, रक्ताचा थेंब सांडलेला नसला, तरी नुसत्या दाबानं श्वास थांबतो. प्राणवायू मिळाला नाही तर मेंदूला इजा व्हायला चार-पाच मिनिटं पुरतात. आई आत स्वयंपाकघरात फोडणी घालत असेल, बायको वावरात निंदायला गेली असेल, आणि अंगणात सगळं शांत असेल. त्या सकाळी मी "बाबा?" म्हटल्यावर मधली शांतता किती लांब होती हे मला सांगता येत नाही, ते याचमुळे.

म्हणून गाडीखाली माणूस असला की दुसरा मोठा माणूस त्याला दिसेल असा जवळ हवा. हाक मारली की ओ देणारा. लहान पोरगं नको, आणि गाडीत बसलेलं तर मुळीच नको. मला सीटवर बसवलं ही बाबांची चूक होती, हे त्यांनी स्वतः मला सांगितलं आहे. मी आत दचकून उडी मारली असती तर? दुसरा जॅक कुठे ठेवला आहे हे त्या जवळच्या माणसाला माहीत हवं, कारण अडकलेल्याला पायाला धरून ओढायचं नसतं, आधी गाडी उचलायची असते. उचलता उचलता दुसऱ्यानं १०८ ला फोन लावायचा. ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झाली. १९९८ मध्ये आमच्याकडे रुग्णवाहिका म्हणजे तीच जीप होती, जी बाबांच्या अंगावर आली होती. आणि एखाद्याचा पाय किंवा मांडी बराच वेळ दाबून राहिली असेल, तर सुटल्यावर तो उठून बसला तरी घरी ठेवायचं नाही, दवाखान्यातच न्यायचं. दाबलेल्या स्नायूंमधलं विष सुटल्यानंतर रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं बंद पाडतं. १९४०-४१ मध्ये लंडनवर बॉम्ब पडले तेव्हा ढिगाऱ्यातून जिवंत काढलेली माणसं काही दिवसांनी अशी गेली, आणि डॉक्टरांनी हा प्रकार तेव्हा नीट नोंदवला.

गावातली एक गोष्ट शहरातल्या पुस्तकांत सापडणार नाही. बैल. सुटलेला बैल उभ्या गाडीला अंग घासतो. खाज सुटली की झाड, भिंत, गाडी, त्याला सगळं सारखं. शेजारच्या गोऱ्ह्यानं आमच्या जीपचा आरसा असाच पाडला होता. गाडी जॅकवर असताना फाटक लावलेलं हवं आणि ढोरं कोठ्यात बांधलेली हवीत. बकऱ्याही.

डोळ्यांवर साधा चष्मा असावा, कारण गंजाची पापडी नेमकी वर पाहणाऱ्याच्या डोळ्यात पडते. सायलेन्सर थंड होऊ द्यावा. इंजिन चालू ठेवून बंद शेडमध्ये खाली जाऊ नये, त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हे बहुतेकांना ठाऊक असतं, म्हणून लांबवत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं यवतमाळला गेलो. भावाचं म्हणणं होतं की गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून घोड्या बनवून घेऊ, स्वस्तात होतील. मी ऐकलं नाही. वेल्डिंगवाला चांगला आहे, आमच्या फाटकाचं कामही त्याचंच. पण जोड आतून कसा बसला हे वरून दिसत नाही, आणि फाटक पडलं तर कुणी मरत नाही. ज्यावर किती टन पेलणार ते कोरलेलं होतं अशी तीन टनी जोडी घेतली. येताना आरागिरणीवरून दोन इंची फळीचे चार तुकडे आणि चाकांसाठी तिरके कापलेले चार गुटके आणले.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, त्यानं काम काढलं. पिकअप निंबाखालून काढून जिथे अंगण सपाट आहे तिथे घेतली. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून गुटके लावले, पायानं ठोकून. फळी टाकली, फळीवर जॅक. गाडी वर आली तशा दोन्ही बाजूंना चासीच्या पट्ट्यांखाली, पाट्याच्या, म्हणजे मागच्या स्प्रिंगच्या, कड्याच्या थोडं पुढे, फळ्यांवर घोड्या उभ्या केल्या. व्हॅन असती तर तिला चासी नसते, मग पत्र्याची जी मजबूत खाचेची जागा पुस्तकात दाखवलेली असते तिथेच घोडी लागते, इंजिनच्या तेलाच्या चेंबरखाली किंवा नुसत्या तळाच्या पत्र्याखाली नाही. मग त्यानं जॅक हळूच उतरवला, वजन घोड्यांवर बसलं, आणि जॅक पुन्हा वर घेऊन ॲक्सलला नुसता टेकवून ठेवला. काढलेलं चाक आणि स्टेपनी एकावर एक चासीखाली सरकवली. ते मी सांगितलं नव्हतं. त्यानं न विचारता केलं.

बाबा तोवर ओसरीवर चहा पीत बसले होते. आता सत्तरी ओलांडली आहे, उजव्या गुडघ्यानं त्रास धरला आहे. कप खाली ठेवून काठी टेकत आले. गाडीभोवती एक चक्कर मारली. "हलवून पाह्य," म्हणाले. भावानं आणि मी दोघांनी बाजूनं खांदा लावून ढकललं, मग मागून. गाडी जागची हलली नाही. घोडीखालची फळी कणभरसुद्धा सरकली नाही.

मग बाबा काठी माझ्या हातात देऊन हळूहळू खाली बसले. एक हात जमिनीवर टेकवला, दुसऱ्या हाताचा अंगठा मातीला लावला आणि वीत घातली. एक. दोन. वर चार बोटं. हात तिथेच ठेवून ते थोडा वेळ थांबले. लोखंडाला लागलेली बोटं त्यांनी मागे घेतली आणि धोतराला पुसली.

"हाव," म्हणाले. "जा आता."

भाऊ पाठीवर सरकत आत गेला. बाबांनी मला बाज ओढून आणायला सांगितली, आणि त्याचे पाय दिसतील अशी ती ठेवून तिच्यावर बसले.